आधी पिंजऱ्याचं माप, मग इग्वाना

पिंजऱ्यासाठी येणारा मुलगा बहुतेक वेळा मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतो. फोटोत काचेची पेटी, आत प्लॅस्टिकची हिरवी वेल, एक बारकी फांदी, कोपऱ्यात पिवळा दिवा आणि तळहातावर बसलेलं पोपटी रंगाचं इग्वानाचं पिल्लू. ‘काकाजी, अशीच पेटी पायजे. दोन बाय दीड बाय दीड. किती घ्याल?’

पिपरी मेघेत माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. गेट, ग्रिल, शेड, जिन्याचे कठडे, आणि मार्च लागला की कूलरचे स्टँड नि बॉडी. लव्हबर्ड्‌सचे आणि सशांचे पिंजरे आधीपासून करत होतो. आता इग्वानाचे विचारायलाही पोरं येतात. वर्धा शहराला लागून असलेली आमची पिपरी, सिंदी, बोरगाव, सावंगी ही गावं केव्हाच शहर होऊन गेली आहेत, आणि शहरातले शौक इथेही आले. शौकाबद्दल माझी तक्रार नाही. जनावराची ओढ असलेली पोरं मला आवडतात. पण त्या मापाची पेटी मी कुणालाच करून देत नाही, आणि का देत नाही ते मला सगळ्यांना सांगायचं आहे.

माझा धंदा लोखंडाचा. तरी ज्याच्यासाठी बांधायचं त्याची माहिती नसली तर बांधकाम चुकतं, मग ते माणसाचं घर असो की जनावराचं. म्हणून मी विचारत गेलो. नागपूरच्या पशुवैद्यांना विचारलं, मिळेल ते वाचलं, ज्यांच्या घरी इग्वाना नीट वाढला आहे त्यांच्याकडे टेप घेऊन गेलो. त्यातून माझं मत पक्कं झालं. झाडावर राहणाऱ्या सरड्याला घर द्यायचं तर ते त्याच्या पूर्ण वाढीच्या मापाचं हवं, उंच हवं, आणि तो येण्याच्या आधी तयार हवं. हे जमणार नसेल तर त्याला आणूच नये.

इग्वाना मूळचा मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण, दमट जंगलांतला. नदीकाठच्या उंच झाडांच्या शेंड्यावर ऊन खात बसायचं, पानं-फुलं खायची, धोका वाटला की वरूनच पाण्यात उडी घ्यायची, असं त्याचं जगणं. दुकानात दिसतो तेव्हा शेपटीसकट वीतभर असतो. चांगलं खायला मिळालं तर तीन-चार वर्षांत चार फुटांच्या पुढे जातो. पूर्ण वाढलेला नर शेपटीसह पाच-सहा फूट भरतो, वजन चार-पाच किलो. नीट सांभाळला तर पंधरा ते वीस वर्षं जगतो. म्हणजे दहावीतल्या पोराने आज आणलेला इग्वाना त्या पोराच्या लग्नात असणार.

आता दोन बाय दीडची पेटी डोळ्यांसमोर आणा. वर्षभरात तो तिच्यात वळूही शकत नाही. ‘तवा पाहू, मोठी करून घेऊ’ असं सगळेच म्हणतात. मोठी करून घ्यायला परत आलेले फार थोडे मला आठवतात.

मी सांगतो ते माप सहा फूट लांब, सहा फूट उंच, तीन फूट खोल. दहा बाय दहाच्या खोलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा यात जातो. आकडा ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो, आणि उतरावाच. यातला एक फूटही शोभेसाठी नाही. झाडावरच्या प्राण्याला आपल्यापेक्षा उंचावर कुणी उभं असलं की भीती वाटते, कारण त्याचा शत्रू, शिकारी पक्षी, वरूनच येतो. टेबलाखाली किंवा जमिनीवर ठेवलेल्या पेटीतला इग्वाना दिवसभर दडून बसतो, खात नाही, जवळ गेलं की शेपटीचा फटका मारतो. घरचे म्हणतात, ‘हा चिडका निघाला.’ त्याच जनावराला माणसाच्या डोक्याच्या वर बसायला फांदी द्या. बऱ्याचदा त्याचा अर्धा राग तिथेच जातो.

उंचीचं दुसरं कारण उष्णतेचं. सरड्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. वर दिव्याखाली पस्तीस अंश, मध्ये तीस-एकतीस आणि खाली सव्वीस-सत्तावीस असा उतार त्याला लागतो. सकाळी वर जाऊन तापायचं, खाल्ल्यावर पचवायला पुन्हा तापायचं, जास्त झालं की खाली सरकायचं, हे त्याचं दिवसभराचं काम. दीड फुटाच्या पेटीत दिवा लावला की सगळी पेटी एकसारखी तापते आणि त्याला जायला जागा उरत नाही. म्हणून थर्मामीटर दोन लागतात, एक वर आणि एक खाली, आणि दिव्याला थर्मोस्टॅट. दिव्याभोवती जाळीचं टोपलं मी बाहेरून बसवतो, कारण इग्वाना उबेला चिकटून बसतो आणि कातडी भाजली तरी लवकर हलत नाही. बाजारात मिळणारे ‘गरम दगड’ याच कारणाने घेऊ नयेत.

साहित्याचं सांगतो. चौकट एक इंची स्क्वेअर पाइपची, प्राइमर मारून वर पावडर कोटिंग, नाहीतर आतल्या ओलाव्याने दोन पावसाळ्यांत गंज धरतो. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्डेड, प्लॅस्टिकचं आवरण असलेली. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी तारजाळी लावू नका. तिच्यात नखं अडकून बोटं तुटतात आणि तारेची टोकं अंगाला लागतात. चारही बाजूंनी जाळी असली तर तो बाहेर पडायला नाक घासत राहतो आणि नाकाचा शेंडा सोलून निघतो. त्यामुळे मागची आणि दोन्ही कडेची बाजू मी पीव्हीसी बोर्डाने बंद करतो, समोर आणि छताला जाळी ठेवतो. पाठीला आडोसा मिळाला की तो शांत बसतो. दार माणसाला आत वाकून झाडता येईल एवढं रुंद, आणि कडी बाहेरून. तळाला पत्र्याचा ट्रे, ओढून धुता येणारा. त्यावर वर्तमानपत्र अंथरा. भुसा, वाळू, बारीक खडी नको, कारण खाण्यासोबत ती पोटात जाऊन आतडी तुंबतात.

फांद्या मी पेरूच्या सुचवतो. गुळगुळीत, चिवट, वाकड्यातिकड्या, आणि वर्ध्यात सहज मिळणाऱ्या. जांभळाच्या, चिंचेच्याही चालतात. फांदी निदान त्याच्या अंगाएवढी जाड हवी, आडवी-तिरपी, पाइपला बोल्टने घट्ट कसलेली. दिव्याखाली एक सपाट फळी द्यावी, तो तिथे पोट टेकून पसरतो. कण्हेर आणि रुई यांची फांदी किंवा पान चुकूनही आत जाऊ देऊ नका, दोन्ही विषारी. आमच्याकडे कंपाउंडला कण्हेर सर्रास असते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता उजेडाचं, आणि हे मी गिऱ्हाइकाला बसवून समजावतो. इग्वानाला हाडांसाठी कॅल्शियम लागतं, कॅल्शियम अंगी लागायला डी-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्याच्या कातडीत तयार व्हायला उन्हातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण लागतात. यांना यूव्हीबी म्हणतात. खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे काचेच्या पेटीत, काचेच्या खिडकीशी, लख्ख उजेडात बसलेला इग्वाना त्या दृष्टीने अंधारात असतो. साधा पिवळा बल्ब ऊब देतो, यूव्हीबी देत नाही. त्यासाठी वेगळी ट्यूब घ्यावी लागते. ती बसण्याच्या जागेपासून साधारण फूटभरावर लावावी, मध्ये काच किंवा ॲक्रिलिक नको. आणि ती दिसायला पेटत असली तरी वर्षभरात तिच्यातले ते किरण संपत येतात, म्हणून बदलावी लागते. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ट्यूब पेटते आहे ना, मग कशाला बदलायची, असं वाटतं.

ही ट्यूब न लावल्याचा परिणाम मी वर्ध्यात एका घरी पाहिला आहे. मला मोठा पिंजरा करायला बोलावलं होतं. इग्वाना दोन वर्षांचा, लांबी जेमतेम दीड फूट. खालचा जबडा सुजलेला आणि रबरासारखा मऊ, पुढचे पाय फुगलेले. पाय गुटगुटीत झाले म्हणून घरच्यांना तो तंदुरुस्त वाटत होता. हाडातलं कॅल्शियम गेलं की शरीर तिथे नुसता धागा भरतं, त्याची ती सूज असते. पाठीला बाक आलेला. फांदीवर ठेवलं तर पकडता येईना, बोटं थरथरत होती. नागपुरात नेऊन इंजेक्शनं झाली, ट्यूब लागली, तो जगला. पण वाकडं झालेलं हाड सरळ झालं नाही. त्या घरातलं कुणी दुष्ट नव्हतं. त्याला ते रोज हाताने भरवत होते, आणि भरवत होते पालक.

पालकात ऑक्सॅलिक आम्ल असतं, ते कॅल्शियमला बांधून टाकतं. रोज पालक म्हणजे रोजचं नुकसान. पत्ताकोबीतही त्याच्या कामाचं फार काही नाही. जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, शेवग्याचा पाला, किसलेलं कोहळं, दुधी, भेंडी, अधूनमधून पपई किंवा अंजीर, एवढ्यात त्याचं भागतं, आणि यातलं बरंचसं पिपरीतल्या अंगणांत फुकट उगवतं. पाला आलटून पालटून द्यावा. अंडं, चिकन, कुत्र्याचं खाणं देऊ नये, त्याने मूत्रपिंडं निकामी होतात. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे.

पुस्तकांत नाही ते आमच्या हवेचं. वर्ध्याचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंश आणि कोरडी हवा. इग्वानाला ओलावा साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास लागतो. तो नसला की कात नीट निघत नाही. बोटांभोवती, शेपटीच्या टोकाला जुन्या कातीच्या रिंगा राहतात, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं. इथे आपला कूलर कामाला येतो. कोरडी हवा ओल्या ताट्यांतून खेचली की पाणी उडून जाताना हवा थंड करतं आणि तिच्यात ओलावाही सोडतं. एसी थंड करतो, पण हवा कोरडी करतो. म्हणून विदर्भात इग्वानासाठी एप्रिल-मेमध्ये एसीच्या खोलीपेक्षा कूलरची खोली बरी. फक्त झोत थेट पिंजऱ्यावर नको. कूलर एका भिंतीला, पिंजरा आडोशाला, आणि समोरची खिडकी उघडी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. ताट्या दर हंगामाला बदला. बुरशी धरलेल्या ताटीतून येणारी हवा माणसालाही चांगली नसते.

या दिवसांत वरचा दिवा बंद ठेवायचा असतो. खोलीच चाळीसला गेली असेल तर पस्तीसचा दिवा कशाला? तरी लोक बाराही महिने दिवा चालू ठेवतात, कारण दुकानदाराने तसं सांगितलेलं असतं. आणि दुपारी लाइट गेली तर? कूलरला इन्व्हर्टरची जोड असावी, नसेल तर पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं पोतं टांगावं, आतल्या टबात साधं पाणी भरून ठेवावं. तो पाण्यात बसतो, तिथेच घाण करतो, म्हणून टब रोज धुवावा लागतो. तोंड उघडं टाकून धापा टाकताना दिसला की त्याला ऊन लागत आहे असं समजा.

सकाळचं कोवळं ऊन मात्र त्याच्याइतकं चांगलं काही नाही, कुठलीही ट्यूब त्याची बरोबरी करत नाही. गच्चीवर नेण्यासाठी मी वेगळा हलका पिंजरा करून देतो, अर्धा जाळीचा, अर्धा छत घातलेला. उन्हाळ्यात नऊच्या आत, हिवाळ्यात दहा-अकराच्या सुमारास. काचेची पेटी उन्हात ठेवली तर थोड्या वेळात भट्टी होते आणि आतला जीव जातो, हे पेटी मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो.

हिवाळा उलटा. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, कधी खाली. इग्वानाला रात्री बावीस-तेवीसच्या खाली नको. अंगात ऊब नसली की पोटातलं अन्न पचत नाही, सडतं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये जानेवारी २०२० मध्ये थंडीची लाट आली, तेव्हा मायामीच्या हवामान कार्यालयाने झाडांवरून इग्वाना पडू शकतात असा इशारा लोकांना दिला होता. थंडीने त्यांचे स्नायू आखडतात आणि ते फांदीवरून सुटतात. आपल्याकडे त्याला खोलीत ठेवतात, पण पिपरीतल्या पत्र्याच्या शेडमधली पहाटही काही कमी थंड नसते. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावावा, कारण झोपेच्या वेळी त्याला अंधार हवा. पावसाळ्यात ओलावा आपोआप मिळतो, तेव्हा बुरशीपासून सांभाळायचं आणि हवा खेळती ठेवायची. मच्छर अगरबत्ती, फवारे, फिनेलचा भपका यांपासून पिंजरा दूर हवा.

हे सगळं ऐकून एक दिवस एका मुलाची आई मला म्हणाली, ‘भाऊ, हे तर लेकरू सांभाळल्यासारखं झालं जी. आणि हा तर पुढच्या वर्षी पुण्याला जाऊन रायला.’ हा मुद्दा मला पिंजऱ्यापेक्षा मोठा वाटतो. आमच्याकडची पोरं बारावी झाली की पुण्याला नाहीतर नागपूरला जातात. होस्टेलमध्ये इग्वाना चालत नाही. मग पाला चिरणं, टब धुणं, दिवे लावणं-बंद करणं हे आईवर येतं, जिला त्याला हात लावायचीही भीती वाटते. वयात आलेला नर हंगामात आक्रमक होतो, ज्याला रोज खाऊ घातलं त्यालाच चावतो, आणि त्याचे दात बारीक करवतीसारखे असतात. मादी नर नसतानाही अंडी धरते. तिला उकरायला मातीची खोल पेटी लागते, ती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि ती मरू शकते. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असतात, त्यामुळे हात लावला की साबणाने धुवायचे, आणि लहान मूल असलेल्या घराने तर दहादा विचार करायचा. घरातल्या मोठ्या माणसाने ‘पोरगा गेला तरी हे माझं काम’ असं स्वतः म्हटल्याशिवाय मी पिंजऱ्याचं ॲडव्हान्स घेत नाही.

आता कायद्याचं. इग्वाना आपल्या देशातला नाही, पण तो ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा परदेशी प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राने त्यांच्या नोंदणीचे नियम काढले. ज्याच्याकडे आधीपासून असा प्राणी होता त्याला परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करायला तेव्हापासून सहा महिन्यांची मुदत होती, आणि नव्याने घेणाऱ्याने तो तीस दिवसांत करायचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांना हे माहीत नसतं, कारण विकणाऱ्याने सांगितलेलं नसतं. पावती मागा, कागद मागा. कागद नसलेला प्राणी कुठून आला याचा विचार करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या एअर कार्गोत महसूल गुप्तचर संचालनालयाने शोभेच्या माशांच्या खोक्यांत लपवून आणलेले ६६५ परदेशी प्राणी पकडले. त्यात इग्वानाही होते. खोकी उघडली तेव्हा ११७ प्राणी मेलेले होते. कागदाशिवाय स्वस्तात मिळणारं पिल्लू अशाच एखाद्या खोक्यातून जगून निघालेलं असू शकतं.

आणि आपल्या इथला सरडा पाळायचा विचार तर करूच नका. घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडलं, मारलं, घरी ठेवलं तर किमान तीन वर्षांची कैद आहे. घोयरा, म्हणजे रंग बदलणारा शॅमेलिऑन, तोही संरक्षित आहे. पिंजऱ्यात तो फार काळ जगतही नाही. वाटीतलं स्थिर पाणी त्याला कळत नाही, पानावरचे थेंब चाटून तो पितो. घरी पकडून आणलेला घोयरा वाटीभर पाण्यासमोर तहानेने मरू शकतो.

खरं तर ज्याला झाडावरचा सरडा जवळून पाहायचा आहे त्याने कंपाउंडकडे बघावं. मे-जूनमध्ये आपल्या साध्या बागेतल्या सरड्याचं डोकं आणि गळा शेंदरी-लाल होतो, भिंतीवर चढून तो समोरच्या नराला दाखवायला पुढचे पाय वाकवून दंड काढतो. तो रक्त पितो असं सांगून पोरं त्याला दगड मारतात. तो रक्त पीत नाही आणि विषारीही नाही, किडे खातो. त्याच्यासाठी पिंजरा लागत नाही. मेंदीचं किंवा जास्वंदीचं कुंपण मुळापासून न छाटता राहू दिलं, एका कोपऱ्यातली माती सिमेंटखाली न घालता मऊ ठेवली तर मादी तिथे अंडी घालते, आणि पाऊस पडल्यावर बोटभर पिल्लं दिसू लागतात. पिपरीत घरांभोवती आता पेव्हर ब्लॉक बसवायची चढाओढ आहे. गेट आणि कंपाउंडची कामं मीच करतो, म्हणून मला ते रोज दिसतं. तिथे मी हात जोडून सांगतो की दोन फूट माती सोडा. काही जण सोडतात.

नको झालेल्या इग्वानाचं काय करतात, हेही बोललं पाहिजे. कुणी धाम नदीच्या काठावर सोडून देतो, त्याला वाटतं तो निसर्गात गेला. असं कधीही करू नये. त्याला कुणी घोरपड समजून मारतं, नाहीतर तो थंडीत मरतो, आणि जिथे हवा मानवते तिथे उलटं होतं. फ्लोरिडात आणि प्युर्टो रिकोत पाळीव म्हणून आलेले, सुटलेले, सोडलेले इग्वाना इतके वाढले की झाडी आणि बांध पोखरले जाऊ लागले. फ्लोरिडाने २०२१ मध्ये नवे इग्वाना पाळायला बंदीच केली. आपल्या पिपरीतच पीपल फॉर ॲनिमल्सचा करुणाश्रम आहे, तिथे जखमी आणि बेवारस जनावरांसाठी माणसं राबतात. हौस फिटलेल्यांनी आपला पाच फुटी इग्वाना त्यांच्या दारात सोडून त्यांचं काम वाढवू नये. सांभाळणं अशक्यच झालं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आधी बोलावं.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली दुकानदारांकडे. गिऱ्हाइकाने तयार पिंजऱ्याचा, त्यात टेप धरलेला फोटो दाखवल्याशिवाय पिल्लू हातात देऊ नका, आणि पिल्लासोबत पूर्ण वाढीचं माप लिहून द्या. यासाठी कुठल्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. दुसरी वनविभागाकडे. इग्वानाच्या नोंदणीचा अर्ज आला की पिंजऱ्याची लांबी-उंची, यूव्हीबी ट्यूब आणि घरातल्या जबाबदार मोठ्या माणसाचं नाव तपासा, आणि वर्षातून एकदा कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघा. वर्धा जिल्ह्यात असे प्राणी हजारोंनी नाहीत, एका वनरक्षकाला हे काम होण्यासारखं आहे. सहा बाय सहा बाय तीनचा नकाशा, पाइपच्या कटिंगच्या यादीसह, मी शेडच्या दाराशी चिकटवून ठेवला आहे. ज्याला हवा त्याने फोटो काढून न्यावा आणि आपल्या गावातल्या वेल्डरकडून बनवून घ्यावा, माझ्याकडूनच बनवला पाहिजे असं काही नाही.